सासरेबुवांच्या ट्रकची काच

काचवाला एवढंच म्हणाला, "बसवायला माणूस पाठवतो, तुम्हाला जमायचं नाही." तो गप्प बसला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. माझं डोकं तिथेच सटकलं. (ते रोजच कुणावर तरी सटकतं, त्या दिवशी काचवाल्याचा नंबर लागला.) मी काच त्याच्या हातातून ओढून घेतली आणि तणतणत घरी आलो.

सासरेबुवांनी जन्मभर चालवलेला जुना ट्रक हल्ली आमच्या अंगणात उभा असतो. ड्रायव्हरच्या दाराला काच नव्हती, म्हणून मीच पुठ्ठा ठोकला होता. आता त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधी त्यांना शेवटचं एकदा, रस्त्याच्या टोकापर्यंत का होईना, तो चालवायचा होता. "बाबांना तो पुठ्ठा दिसायला नको," बायको म्हणाली, आणि तिचा आवाज असा काही झाला की मी मुकाट्यानं काच आणायला गेलो होतो.

काम तसं सोपं होतं. काच वरून दाराच्या फटीत घालायची आणि आतल्या लोखंडी पट्टीवर बसवायची. मग हँडल फिरवलं की ती वरखाली होते. मी बाहेरून काच धरली. बायको आत बसून दाराच्या पोटात डोकावत होती.

"हं, सोडा," ती म्हणाली.

मी सोडली.

दाराच्या पोटात काच फुटल्याचा आवाज ऐकून शेजारीण गॅलरीत आली. (तिला आमच्याकडचं काही फुटल्याशिवाय करमत नाही.)

"अहो, खाली सोडा म्हणत होते मी! हळूहळू!"

"तू नुसतं सोडा म्हणालीस."

"मग काच काय वर सोडतात?"

यावर मी जास्तच ओरडलो. पुन्हा त्याच काचवाल्याकडे गेलो. तो नुसता हसला. त्या हसण्याचा राग मी येऊन स्क्रूंवर काढला. या वेळी आमच्यात 'सोडा' हा शब्द बंद होता. काच बसली. पट्टीचे, कडेचे, दिसतील ते सगळे स्क्रू मी दात-ओठ खाऊन आवळले.

रविवारी सासरेबुवा आले. काठी टेकत, आमच्या दोघांच्या आधारानं वर चढले, स्टीअरिंगवरून हात फिरवला. मग सवयीनं डावं-उजवं न बघता कोपर खिडकीवर टेकवायला गेले आणि ते काचेवर आपटलं.

"ही काच कुठून आली?"

"यांनी स्वतः बसवली, बाबा," बायको कौतुकानं म्हणाली.

त्यांनी हँडल फिरवलं. काच हलेना. मी दार उघडून फिरवलं. हँडल माझ्या हातात आलं.

"इथली काच मी पहिल्याच उन्हाळ्यात काढून टाकली होती," ते म्हणाले. "कोपर टेकल्याशिवाय मला गाडी चालवता येत नाही." आणि खाली उतरण्यासाठी त्यांनी काठी मागितली.

बायकोचे डोळे भरून आले. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं आधी का नाही सांगितलं? त्यांनी का नाही सांगितलं? काचवाल्यानं का नाही सांगितलं? माझा तोल पुरता गेला आणि मी ते दार असं काही आपटलं की अख्खी काच चुरा होऊन दाराच्या पोटात गेली.

शेजारीण पुन्हा गॅलरीत आली.

सासरेबुवांनी रुमालानं खिडकीची कड पुसली आणि कोपर टेकवलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "आता कसं," ते म्हणाले. बायको डोळे पुसत पलीकडून चढली. इंजिन खोकत खोकत सुरू झालं. मी दाराची मूठ घट्ट धरून उभा होतो. आता मलाही बोलावतील, असं मला वाटलं.

सासरेबुवांनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं.

"जावईबापू," ते प्रेमानं म्हणाले, "सोडा."

या वेळी त्या शब्दाचा एकच अर्थ होता. मी सोडली, आणि दारात दोन काचा खुळखुळवत ट्रक मला न घेताच निघून गेला.