मोमोदेवाची जत्रा

माझं नाव धैर्यशील. (धैर्य आहे ते एवढंच, नावात.) शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी डिस्पॅच क्लार्क आहे. यंदा शनिवार-रविवारला जोडून रजा मिळाली आणि माझ्या बायकोनं, तेजस्वीनं, पणजीचं कार्निव्हल बघायचं ठरवलं. हॉटेल बुक झालं. सुरमई कुठं खायची तेही ठरलं. आणि शुक्रवारी दुपारी आई नेसरीहून एसटीनं येऊन दारात उभी राहिली.

आईला एकटीला मागं ठेवणं बरं दिसलं नसतं आणि नाचगाणी बघायला निघालोय हे सांगायची माझी छाती नव्हती. तिनं भरलेल्या बॅगांकडं बघून विचारलं, तेव्हा तोंडातून निघून गेलं, "गोव्यात जत्रा असती, तिकडं निघालोय."

"कुठल्या देवाची?"

मिरवणुकीत पुढच्या रथावर किंग मोमो नावाचा राजा असतो, एवढं मोबाईलवर वाचलं होतं. मी म्हणालो, "मोमोदेवाची."

या नावाचा देव कसा काय, असं तिनं विचारलं नाही. मलाच दुकानात पिटाळून पाव किलो गुलाल आणि खोबऱ्याच्या चार वाट्या आणवल्या. मग तेजस्वीला बजावलं, की जत्रा करून घरी येईपर्यंत कुणी वशाट खायचं नाही. अंडंसुद्धा नाही.

त्यामुळं शनिवारी पणजीत, चारी बाजूंनी मासे तळल्याचा वास येत असताना, आम्ही तिघांनी पुरीभाजी खाल्ली. तेजस्वी माझ्याशी बोलायची बंद झाली ती तिथंच.

दुपारी आई अनवाणी निघाली. तिच्या चपला माझ्या हातात. रस्त्याला दोरी बांधली होती, पलीकडं बँड वाजत होता, पिसांचे मुकुट घातलेल्या पोरी नाचत होत्या. मी आईच्या तोंडापुढं उभं राहायचा प्रयत्न केला. तिनं मला कोपरानं बाजूला सारलं आणि पोरी ठेक्यात नाचतात म्हणाली. तेवढ्यात रथ आला. वर मुकुटवाला, पोट सुटलेला, घामाघूम मोमो. खा, प्या, मजा करा, असं कर्ण्यावरून सांगत होता.

तेजस्वीला आशा वाटली. "आत्ती, देव सोताच खा म्हणतोय की."

"देव लाख म्हणंल. आपुन पाळायचं," आई म्हणाली आणि दोरीखालून पलीकडं गेली.

पोलिसानं शिट्टी मारली. तोवर पहिली मूठ उधळून झाली होती. खोबऱ्याचा तुकडा मोमोच्या नाकावर बसला, गुलालानं त्याची पांढरी दाढी गुलाबी झाली. रथ थांबला. मी दोरीशी चपला घेऊन उभा. (धैर्याची जाहिरात करत.) मोमो खाली उतरला, हसला, आईपुढं वाकला. आईनं त्याला गुलाल लावला, हात जोडले आणि त्याच्या कानाशी बराच वेळ काहीतरी बोलली. त्यानं मान डोलावली, गळ्यातली माळ तिला घातली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

म्हाताऱ्या बाईनं अनवाणी चालून, पाय भाजून घेऊन एका सोंगाला नवस बोलावा, तोही माझ्यामुळं. रविवारी परतताना घाटात मी गाडी बाजूला घेतली आणि सगळं सांगून टाकलं. जत्रा नव्हती, देव नव्हता, मुकुट घातलेला साधा माणूस होता तो.

आई माळ सारखी करत म्हणाली, "ठावं हाय. त्योच म्हणाला, आजी, मी देव न्हाय म्हणून."

"मग नवस कशाला बोललीस?"

"तुला अक्कल येऊ दे म्हटलं. देवांना सांगून लई वर्सं झाली. म्हटलं, आता माणसाला सांगून बघावं."

मागच्या सीटवर तेजस्वी दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. मी विषय बदलायला विचारलं, हा नवस फेडायला पुन्हा गोव्याला यावं लागेल का.

"गुण आला तर यायचं," आई म्हणाली. "पर तू रजा-बिजा काढून ठिवू नगंस."