वैजयंताबाईंनी जुना कागद मिळविला त्याची हकीकत

श्री. देहाचे कोट राखणाऱ्या देवतांस दंडवत करून लिहिले ऐसे जे, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरी, वैशाख मासी वैजयंताबाईंचे पित्ताशयी खडे जाहले. नव्या वैद्यराजांनी पुसिले, "मागे बाळंतपणी भूल देताना तुमचा श्वास कोंडला म्हणता, तर ते औषध कोणते?" बाईंस ठाऊक नाही. मग वैद्यराज बोलिले, "जुना कागद आणा. तेच औषध पुन्हा पडलं तर जीव जाईल." हे ऐकोन बाईंनी धसका घेतला आणि कन्या गार्गीबाई समागमे घेऊन, जेथे ती उपजली त्या माहेरगावच्या इस्पितळाचे राज्यी दाखल जाहल्या.

तेथील दफ्तरखान्यात रुमाली बांधलेले कागद फडताळोफडताळी निजले होते, पंखा मंद फिरे आणि तिरप्या उन्हात धूळ तरंगे. दफ्तरदार पांडोबा स्वभावाचे थंड, घाई त्यांचे गावी नाही. त्यांनी बहुत शोधिले आणि बोलिले, "बाई, या नावाचं माणूस इथं आलंच नाही कधी." बाई बाकावर टेकल्या आणि डोळा लागला न लागला ऐसे जाहले. मग गार्गीबाईंनी आपला जन्मदाखला पुढे केला आणि म्हणाल्या, "आईला आजोबांनी दाखल केलं होतं. त्यांच्या तोंडी तिचं सासरचं नाव कधी बसलंच नाही. माहेरच्या नावानं बघा ना." लेकीचे पहिले बाळंतपण बापाने करावे ऐशी रीत, आणि बापाची हाक ती जुनीच. गार्गीबाईंनी ते नाव चिठीवर लिहून दिले, ते घेऊन पांडोबा पुन्हा आत गेले.

काही वेळाने आतून पुकार जाहला, "चंपा रघुनाथ." बाई अर्धवट झोपेत ऐकत राहिल्या. त्यांस वाटले, कोणी पहिलटकरीण असेल, पोरसवदा, भ्यालेली. दुसरा पुकार जाहला तरी कोणी उठेना, तेव्हा बाईंस तिची फार कीव आली आणि दाराकडे पाहू लागल्या. मग गार्गीबाईंनी खांद्यास हात लाविला, "आई, तुलाच बोलावतायत."

कागदावर त्या औषधाचे नाव तांबड्या शाईने लिहिले होते. अस्सल दफ्तरी राहिले, शिक्क्याची नक्कल बाईंस मिळाली; रुग्णाने मागावी आणि राज्याने द्यावी, हा कायदाच आहे.

सारांश, वैद्यराजांनी ते औषध वर्जिले, शस्त्र चालले आणि खडे निघाले. भूल उतरता वैद्यराजांनी रिवाजाप्रमाणे नाव पुसिले, तो बाई डोळे मिटूनच बोलिल्या, "चंपा." वैद्यराज घाबरले. गार्गीबाई डोळे पुसत म्हणाल्या, "बरोबर सांगतेय ती." येणेप्रमाणे वर्तमान जाहले.