वस्तू क्रमांक चारशे सतरा

श्वांगथान गावात माणसाने साठी ओलांडली की आपली शवपेटी करून ठेवायची, अशी रीत होती. पेटी तयार असली की मरण घाई करत नाही, असं सगळे मानत. त्यामुळे तिला 'आयुष्याची पेटी' म्हणत. पांग शौगन जन्मभर लाकडी बादल्या करणारे सुतार. त्यांनी एकाच सरूच्या झाडातून दोन पेट्या केल्या होत्या. एक नऊ वर्षांपूर्वी बायकोबरोबर, ह्वाईझनबरोबर, चहाच्या टेकडीवर गेली. दुसरी घराच्या पुढच्या दालनात होती. दर शरदात पांगबाबा तिला काळ्या रोगणाचा एक हात देत, आणि रिकामी कशाला ठेवायची म्हणून तिच्यात रताळी भरत. वय एक्क्याऐंशी, प्रकृती ठणठणीत. म्हणजे रीत खरी ठरत होती.

असं सगळं सुरळीत चाललं असताना गाव ऐतिहासिक असल्याचा शोध प्रशासनाला लागला.

प्राचीन नगर संवर्धन समितीच्या उपप्रमुख श्यूए बाई मोजपट्टी आणि पितळी बिल्ल्यांची पिशवी घेऊन घरात शिरल्या. चूल, रांजण, उंबरठा असे बिल्ले ठोकत ठोकत त्या पेटीपाशी आल्या. "वस्तू क्रमांक चारशे सतरा," त्या म्हणाल्या आणि बिल्ला स्क्रूने आवळला.

"अहो बाई, ती माझी पेटी आहे," पांगबाबा म्हणाले.

"होती, आजोबा. आता ती अखिल मानवजातीची आहे."

"मानवजात मावायची नाही हो तिच्यात. माझ्या मापाने केलीय."

बाईंनी नियम वाचून दाखवला. संरक्षित वस्तू मूळ जागेवरून हलवता येणार नाही. मात्र तिच्या पारंपरिक वापरास समितीची हरकत नाही.

"म्हणजे मेल्यावर मी इथेच, दालनात पडून राहू?"

"राहा की. फक्त पुरता येणार नाही. फरशी मिंग काळातली आहे."

हलवण्याच्या परवानगीसाठी नमुना नऊ होता. अर्जदाराने स्वतः हजर राहावे आणि सोबत स्वतःच्या मृत्यूचा दाखला जोडावा. पांगबाबांनी खिडकीतल्या कारकुनाला विचारलं, "मेलेला माणूस हजर कसा राहणार?" कारकून समजूतदार होता. म्हणाला, "म्हणूनच तर मुखत्यारपत्राची सोय आहे, बाबा. तारीख मृत्यूनंतरची हवी आणि सही तुमचीच हवी. बास."

त्या दिवसापासून पांगबाबांनी शिडी चढणं सोडलं. मरायचीच सोय उरली नव्हती. टेकडीवर जाऊन ते बायकोला म्हणाले, "तुला शब्द दिलाय गं, एकाच झाडाच्या लाकडात शेजारी शेजारी झोपू म्हणून. पण हे लोक मला धड मरू देईनात." आणि ते हमसून हमसून रडले.

इकडे दालनात पर्यटक येऊ लागले. पेटी बघून नाकं मुरडू लागले. वीस वर्षं रोगणाचा हात फिरलेली पेटी आरशासारखी चमकत होती. लोकांनी मोबाइलवर शेरे मारले: 'चकाचक आहे, नक्की नकली.' 'आत रताळी निघाली. शुद्ध फसवणूक.' दोन तारे.

पांगबाबा रोज कचेरीत जाऊन बसू लागले, तेव्हा समितीला पाझर फुटला. त्यांच्या दफनासाठी फायबरची एक प्रतिकृती मंजूर झाली. गावातल्या सगळ्या प्रतिकृती करणाऱ्या कंत्राटदाराकडे मालाची एकच तऱ्हा होती, 'चारशे वर्षं जुनं'. त्यामुळे पेटी आली ती उडालेल्या रंगाची, तडकलेली आणि ड्रिलने पाडलेल्या किडीच्या भोकांची. ती मूळ पेटीशेजारी ठेवण्यात आली. बिल्ला: चारशे सतरा-क, हलवण्यास व पुरण्यास योग्य.

"कीड!" पांगबाबा कडाडले. "माझ्या हातच्या लाकडाला उभ्या जन्मात कीड लागली नाही!"

"आजोबा, आत गेल्यावर फरक कळत नाही," श्यूए बाई म्हणाल्या. "आजवर एकाही वापरकर्त्याची तक्रार आलेली नाही."

पांगबाबा दालनात स्टूल टाकून बसले. पर्यटक येत, मूळ पेटीवर पिशव्या ठेवत आणि फायबरच्या पेटीला मिठी मारून फोटो काढत. तीन दिवस हा प्रकार बघितल्यावर, जेवणाच्या सुट्टीत दालन रिकामं असताना, पांगबाबांनी पेचकस काढला. एकूण आठ स्क्रू. चुलीवरचं चहाचं पाणी उकळायच्या आत दोन्ही बिल्ल्यांची अदलाबदल झाली.

"अहो बाबा, पकडलं तर?" सून तुंगमेई दारातून म्हणाली. तिचा जीव टांगणीला लागला होता.

"पकडायला आधी बघावं लागतं, पोरी. हे लोक नुसता बिल्ला वाचतात."

महिन्याची तपासणी झाली. श्यूए बाईंनी बिल्ला वाचला, वहीत बरोबरची खूण केली. मोबाइलवर पाच तारे बरसू लागले: 'अंगावर काटा आला.' 'किडीची भोकंसुद्धा किती अस्सल!' गावाला जिल्ह्याचा संवर्धन पुरस्कार मिळाला. "बघा आजोबा," श्यूए बाई म्हणाल्या, "जपलं की वस्तू कशी खुलते!" पांगबाबा प्रतिकृतीला रोगण लावत बसले होते. म्हातारा फायबरला रोगण लावतोय म्हणून कचेरीतले लोक पोट धरधरून हसले. पांगबाबाही हसले.

रोगणाचा तो हात वाळला आणि आठ दिवसांत ते गेले, झोपेतच. अंत्ययात्रेत फोटोपुरता खांदा द्यायला समितीचे चार लोक आले होते. चढावर त्यांना घाम फुटला. "काय दर्जा आहे!" एक जण धापा टाकत म्हणाला. "प्रतिकृती असून अगदी खऱ्यासारखी जड!" श्यूए बाईंनी जागेवरच कंत्राटदाराच्या नावाची बक्षिसासाठी शिफारस केली. पांगबाबा ह्वाईझनच्या शेजारी टेकले. डोळे पुसता पुसता तुंगमेईला हसू आवरेना, म्हणून तिने पदर तोंडात धरावा तशी बाही तोंडात धरली.

आता दालनात गाइड पर्यटकांना पेटीवर टिचकी मारायला लावतो. "ऐका, चारशे वर्षांचा आवाज!" आवाज गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखा येतो. लोक डोळे मिटून ऐकतात.

गेल्या उन्हाळ्यात तुम्हीही ऐकलात. 'जुनं ते सोनं' म्हणालात, चष्मा काढून डोळे टिपलेत, पाच तारे दिलेत. कोपऱ्यात एक बाई उकडलेली रताळी घेऊन बसली होती. तीच तुंगमेई. तुम्हाला सगळी हकीकत सांगायला तिने तोंड उघडलंही होतं. तुम्ही म्हणालात, "जरा बाजूला सरकता का? फोटोत येताय."