अँटिबायोटिकचे राखणदार

सकाळी वॉर्डात लोक एकमेकांना गुड मॉर्निंग म्हणतात. परकारभाई म्हणतात, "कल्चर पाठवलं?"

कल्चर म्हणजे रुग्णाच्या रक्तात, लघवीत नेमका कुठला जंतू आहे ते लॅबमध्ये वाढवून बघायचं. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. तोवर परकारभाईंनी फाइल बघायची आणि मी नातेवाइकांची तोंडं, अशी आमच्या दुबईच्या हॉस्पिटलातली कामाची वाटणी आहे. मी फिजिशियन, ते फार्मासिस्ट. मोठं अँटिबायोटिक लिहायचं तर त्यांची मंजुरी लागते. त्यापेक्षा व्हिसा लवकर मिळतो.

माणूस रत्नागिरीकडचा, चिवट. मंजुरी मिळावी म्हणून आमचे सर्जन कागदावर हळूच 'न्यूमोनियाची शंका' लिहायला लागले. तर हे महाशय थेट पेशंटच्या उशाशी! "खोका. अजून एकदा. कुठाय न्यूमोनिया, डॉक्टर?" अख्ख्या वॉर्डासमोर.

एकदा एक गृहस्थ मोहम्मद बिन झायद सिटीहून तापाने फणफणलेल्या वडिलांना घेऊन आले. "इतनी दूर से लाया, और सिर्फ पॅरासिटामॉल?" म्हणून माझ्यावर खेकसले. मी जरा नरमले होते, तेवढ्यात परकारभाई मध्ये पडलेच.

"साब, घर में मच्छर हो गये तो बिल्ली लाओगे? व्हायरल है. अँटिबायोटिक का काम नहीं. खलास."

गृहस्थ वडिलांना घेऊन दुसऱ्या हॉस्पिटलात गेले आणि जाताना तक्रार करून गेले. माझ्या नावाने!

घरीही सुटका नाही, कारण करामा भागात आम्ही एकाच इमारतीत राहतो. गावाहून कुणी सुट्टी संपवून आलं की परकारभाई दारात हजर. लोकांना वाटतं, कोकम आणि सुक्या बांगड्यांच्या वासाने आले. ते बॅगा तपासायला आलेले असतात. इथे चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळत नाही, म्हणून घरोघरच्या आया पापडांच्या थरांत गोळ्यांच्या पट्ट्या दडवून देतात. माझ्या बॅगेतूनही त्यांनी दोन पट्ट्या काढल्या.

"अहो, मी डॉक्टर आहे!"

"डॉक्टरांच्या घरात तर जास्तच सापडतात," म्हणाले आणि पट्ट्यांबरोबर पापडही घेऊन गेले.

"अंकल इज वर्स दॅन एअरपोर्ट सिक्युरिटी," माझी लेक म्हणाली.

गेल्या महिन्यात एका पेशंटच्या औषधासाठी मी त्यांच्या खोलीत भांडायच्या तयारीनेच गेले. कल्चरचा रिपोर्ट माझ्या हातात होता, आज त्यांची धडगत नव्हती. दार उघडंच होतं. परकारभाई स्पीकरवर ठेवलेल्या फोनपुढे चक्क हात जोडून बसले होते.

"डॉक्टरसाहेब, कायतरी मोठं सुरू करा ना. एखादं इंजेक्शन तरी द्या. आईचं वय बघा."

"परकार, मी तपासलंय. छाती साफ आहे, सर्दीचा ताप आहे," पलीकडून त्यांच्या गावचे डॉक्टर म्हणाले. "अँटिबायोटिक कशाला? हे तुम्हाला मी सांगायचं?"

मला हसू फुटलं. खोटं कशाला बोलू, आनंदच झाला. इतक्या दिवसांनी कुणीतरी त्यांना नाही म्हणत होतं. मग त्यांनी मान वळवली. डोळे लाल झाले होते.

"तुम्हीच बोला त्यांच्याशी, मॅडम. ते बरोबर आहेत, मला कळतंय. पण आई तिकडे तापाने पडलीय आणि मी इथे. इथून मी दुसरं काय देऊ तिला?"

मी फोन जवळ ओढून 'मी इथली डॉक्टर' म्हणाले, तोवर पलीकडे डॉक्टरांनी आपला फोन म्हातारीच्या हातात दिला होता.

"कोण गो तू? डॉक्टरीण? त्याला सांग, औषध नको मला. फोन तेवढा ठेवू नको म्हणावं. बोलायला काय नसलं तरी असू दे चालू."

परकारभाईंनी फोन टेबलावर सरकवला, चष्मा पुसला आणि माझा रिपोर्ट ओळ न् ओळ वाचायला घेतला. मंजुरीचा कागद भरून सही करेपर्यंत पलीकडून खोकला ऐकू आला, की त्यांचं पेन थांबायचं आणि ते फोनकडे वाकून म्हणायचे, "आहे गो आई. इथंच आहे."