सबनीस काकांचा तालुका

इथे गुजरातेत, समा भागातल्या आमच्या सोसायटीत सबनीस काकांना पावसाबद्दल कुणी विचारत नाही. बाहेर ऊन रणरणत असलं तरी ते म्हणतात, "आपल्याकडे परवापासून लागून राहिलाय. नदीकाठची दोन गावं पाण्यात आहेत."

आपल्याकडे म्हणजे थायलंडमध्ये. त्यातही उत्तरेकडच्या एका भातशेतीच्या तालुक्यात. काका तिथे कधी गेलेले नाहीत. त्यांच्याकडे पासपोर्टसुद्धा नाही.

काका मामलेदार कचेरीतून निवृत्त झाले. त्यांचे आजोबा संस्थानात वहिवाटदार, म्हणजे तालुक्याचे अधिकारी होते. त्यामुळे तालुका दिसला की तो सांभाळायला घ्यायचा, हे रक्तातच. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काकांनी या थाई तालुक्याचा नकाशा काढून भिंतीला लावलाय. नदी निळी, डोंगर तपकिरी, हद्द लाल. पूर्वी हा तालुका शेजारच्या तालुक्यात मोडायचा, याचा त्यांना अजून राग आहे. "एका दाखल्यासाठी डोंगर ओलांडायचा! किती वर्षं सोसलं लोकांनी!"

सगळी माहिती इंग्रजीत, म्हणून दर शनिवारी मला बोलावणं येतं. मी इंग्रजी शाळेत शिकले, आणि नाही म्हणायला मला कुठल्याच भाषेत जमत नाही. मी मोबाईलवर वाचते, काका वहीत उतरवतात. तालुक्यात आठ तांबोन, म्हणजे गावांचे गट. प्रत्येक तांबोनचा मुख्य तो कामनान, लोकांनी निवडलेला. तालुक्याचा साहेब मात्र वरून नेमलेला.

"म्हणजे आपला मामलेदारच! फिरतीवर जातो का तो?"

"तसं लिहिलं नाहीये, काका."

"म्हणजे जात नाही."

मध्यंतरी सोसायटीच्या सभेत पाण्यावरून भांडण पेटलं. काका उठले आणि चार विंगांचे चार तांबोन पाडून कामनान नेमायला लागले. चेअरमन प्रवीणभाईंनी हात जोडले. "काका, थायलंड छोडो ने! टांकीनी वात करो!"

"तीच करतोय. सी विंगच्या कामनान मेहताबेन."

सगळे हसले. पण मेहताबेननी ते मनावर घेतलं, आणि आता फक्त सी विंगला वेळेवर पाणी येतं.

मला वाटायचं, हा रिकामपणाचा छंद. एका शनिवारी काका आत गेलेले असताना काकू हळू आवाजात म्हणाल्या, "आमची मृणाल तिथल्या शाळेत शिकवते गं." दोन वर्षांपूर्वी ती निघाली तेव्हा काका रागाने म्हणाले होते, "नकाशावर तरी आहे का तुझं ते गाव?" तेव्हापासून ती दर रविवारी आईशी बोलते. बाबांशी एक शब्द नाही. "विषय शोधतायत," काकू म्हणाल्या. "तिच्याशी बोलायला."

गेल्या रविवारी मी तपासायला आणलेली वही परत द्यायला गेले, तर फोन चालूच होता. मला बघून काकूंना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी तो स्पीकरवर टाकून काकांसमोर धरला. काकांनी माझ्या हातातली वही जवळजवळ ओढलीच. पानं उलटली. घसा खाकरला.

"मृणाल, तुमच्या तांबोनची निवडणूक झाली ना? कामनान कोण आलं?"



"बाबा, तुम्हाला कामनान कसा माहीत?"

काकांनी वही मिटली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, लाल हद्दीच्या आत बोट ठेवलं.

"आहे गं," ते म्हणाले. "नकाशावर आहे तुझं गाव."