तापीतून साडू काढताना

यंदा कानबाईदेवीच्या उत्सवाच्या बॅनरवर आपणच काढलेला फोटो लागणार, असं योगराजनं चहा पिता पिता ठरवलं. (त्याचे आयुष्यातले बहुतेक मोठे निर्णय बशीतच होत, आणि तिथंच थंडही होत.)

गेल्या श्रावणात नवागामच्या खान्देशी मंडळानं भिंतभर लांब बॅनर लावलं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती तापीमाय! फोटो काढला होता योगराजच्या साडूनं, ललितनं. तेव्हापासून रंजना उठता-बसता म्हणायची, "दाजींच्या हातात जादू आहे हो!" लग्न झाल्यापासून योगराजनं घरात कमी का कामं केली? पंखे दुरुस्त केले, नळ बसवले. पण बायकोच्या तोंडून एक साधा 'वा!' त्याच्या वाट्याला आला नव्हता. सगळे 'वा' तिच्या बहिणीच्या नवऱ्याकडे! योगराजचा नुसता जळफळाट व्हायचा.

"तुकड्याला तुकडा जोडायचा, एवढंच ना?" तो रंजनाला म्हणाला. "मी मिलमध्ये दिवसभर दुसरं काय करतो?"

हे मात्र खरं होतं. छपाईच्या मिलमध्ये तो कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं जुळवायचा. जोड दिसता कामा नये, आणि कुठं डाग पडला तर शेजारचं फूल उचलून त्यावर बसवायचं. त्याच्या हातची साडी नेसलेल्या बाईला जोड कधी सापडला नव्हता. (शोधत कोण बसतं म्हणा!)

रविवारी सकाळी तो नदीच्या ओवाऱ्यावर, म्हणजे घाटावर, गेला, तर पायऱ्यांवर ललित आधीच हजर.

"तुम्ही इथं कसे?"

"रंजनानं फोन केला. म्हणाली, दाजी, जरा लक्ष ठेवा."

योगराजच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं फोनवर लांबलचक फोटोचा पॅनोरमा लावला आणि तो डावीकडून उजवीकडे फिरवायला सुरुवात केली. ललित समोरच्या पायऱ्यांवरून, पाण्याच्या अगदी कडेनं, फोनच्या पुढे पुढे धावत होता आणि मध्येमध्ये थांबून, हात उंच करून ओरडत होता, "हळू, साडूभाऊ, हळू! आणि घरी गेल्यावर जास्त छेडछाड करू नका!"

घरी येऊन बघतो तर नदी झोळीसारखी लोंबलेली. ती सरळ केली तर पूल वाकला. पूल सरळ केला तर तापी चढावर वाहायला लागली. शेवटी दोघांना थोडं थोडं वाकडं ठेवून त्यानं तडजोड केली. मग रंग. लग्नाच्या साडीला द्यावा तसा उठाव दिला. पाणी पोपटी झालं, आभाळ जांभळं.

खरा ठणका पुढंच होता. फोटोत तीन ललित होते! तो जिथं जिथं थांबला होता तिथं तिथं, डावीकडे एक, मध्ये एक, उजवीकडे एक, तिघेही हात वर करून. मंडळाच्या बॅनरवर साडूचा एक फोटो सोसवत नव्हता, इथं तीन साडू!

"थांब, तुला डागासारखा उडवतो," असं म्हणत योगराजनं शेजारची बाभूळ उचलली आणि तिन्ही ललितांवर एकेक बसवली. जोड कुठं दिसेल तर शपथ! बाभळीकडे बघून तो कितीतरी वेळ एकटाच हसला.

बॅनर छापणाऱ्या मगनभाईनं डोळे बारीक केले. "योगराजभाई, पाणी आटलुं बधुं लीलुं? एकदा मोठं करून नीट बघा ना!"

"इतकं हिरवं असलं तरी चालशे. जोड सापडला तर बोल," योगराज म्हणाला. मगनभाईला सापडला नाही. छापून टाकलं.

कानबाईच्या दिवशी मंडपाबाहेर बॅनर चढलं. खाली मोठ्या अक्षरांत 'फोटो : योगराज'. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला, रंजनाला पुढं आणून उभं केलं आणि 'वा!' ऐकायला कान टवकारले.

तेवढ्यात तिची बहीण चंचल किंचाळली, "ओ माय वं! आमचे हे बुडाले!"

सगळे धावले. योगराजनं वर पाहिलं. पायऱ्यांवर तीन बाभळी झकास उभ्या होत्या. त्यांच्याखाली पोपटी पाण्यात मात्र बाभळींच्या प्रतिबिंबांऐवजी तीन ललित पडले होते, उलटे, हात लांब करून, 'वाचवा' म्हणत. काठावरचा साडू त्यानं पुसला होता. पाण्यातला तसाच राहिला होता.

"अरे योगराज," मंडळाचे अध्यक्ष भगवानभाऊ डोक्याला हात लावून म्हणाले, "देवीच्या बॅनरवर बुडती माणसं? आणि तीही एकाच घरातली?"

खरा ललित मागे उभा राहून प्रसादाचा रोट खात होता. "मी म्हटलं होतं, छेडछाड करू नका," तो म्हणाला.

योगराजला रंजनाकडे बघायचं धाडस होईना. ती बॅनरच्या अगदी जवळ गेली होती. मान वाकडी करून तिनं एक ललित पाहिला, मग दुसरा, मग तिसरा. आणि तिच्या तोंडून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच योगराजनं काढलेल्या फोटोसमोर, अगदी मनापासून निघालं,

"वा! उलटे झाले तरी दाजी फोटोत काय छान येतात!"