टिपणिसांचं आभारप्रदर्शन

यंदा मंडळाच्या संक्रांतीला नाटक झालं तासाभराचं आणि टिपणिसांचं आभारप्रदर्शन चाळीस मिनिटांचं. नटांचे झाले, तिळगूळवाल्या बायकांचे झाले, हॉलच्या हीटरचे झाले, पार्किंगमधला बर्फ शोव्हल करणाऱ्या त्या बापड्या माणसाचेही झाले. शेवटी "ज्यांची नावं अनवधानाने राहिली असतील..." म्हणाले. लोक कोट घालायला उठले, तर हे खिशातून दुसरा कागद काढून ती राहिलेली नावं वाचायला लागले!

हे टिपणीस आमचे कॅल्गरीतले शेजारी. एका तेल कंपनीत पाइपलाइनची ड्रॉइंग तपासतात. बायको जाऊन आठ वर्षं झाली, तेव्हापासून एकटेच. "कुणी राहून जाता कामा नये, वहिनी," हे त्यांचं पालुपद. ग्रोसरीत कॅश काउंटरवरच्या पोरीचे इतके आभार मानतात, की मागची रांग खोकायला लागते.

माझं त्यांच्याशी बरं चाललं होतं. मग माझी केतकी एकोणिसाव्या वर्षी गाड्यांच्या शर्यतीत उतरली. जुनी गाडी घ्यायची, आतल्या गाद्याबिद्या उपटून टाकायच्या, दारं वेल्ड करायची, खिडकीतून आत शिरायचं आणि गोल ट्रॅकवर डावीकडे वळत राहायचं. कुठे पोचायचंच नाही! माझ्या पोटी हे कुठून आलं, देव जाणे.

"आई, इट्स अ स्पोर्ट!"

"खो-खोसुद्धा स्पोर्टच आहे. त्यात कुणी पेटत नाही."

पहिल्या तीन शर्यतींत ती शेवटून पहिली आली. मला मनातून बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. पण टिपणीस पेटले. मराठी घरं पालथी घातली त्यांनी. डेंटिस्ट देशपांड्यांनी टायर दिले, कांबळ्यांनी आपलं गॅरेज उघडून दिलं आणि स्वतः इंजिन खोललं, कुणी शर्यतीची फी भरली, कुणी नुसती पुरणपोळी पाठवली. टिपणिसांनी एकेकाचं नाव गाडीवर चिकटवलं, पुरणपोळीवाल्या जोशीकाकूंचंसुद्धा. गाडी लग्नपत्रिकेसारखी दिसायला लागली. आणि माझी पोर चक्क जिंकायला लागली! दोनदा पहिली आली. मी पहिल्यांदा ओरडले तेव्हा माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

सीझनच्या शेवटच्या शर्यतीला एका मोठ्या टीमचा माणूस येणार होता. पहिल्या तिघांतल्या एकाला पुढच्या वर्षी तो स्वतःची गाडी देणार होता. आठवडाभर केतकी धड जेवली नाही.

त्या दुपारी गाडीची तपासणी झाली, केतकी ड्रायव्हरांच्या मीटिंगला गेली, आणि नेमकी तेव्हा तीन नवी कुटुंबं मदत घेऊन हजर झाली. गाडीवर बोटभर जागा उरली नव्हती. टिपणिसांनी पांढरी अक्षरं काढली आणि उजव्या दारावर गाडीचा नंबर होता, पांढरा सतरा, त्याच्यावरच ती तिन्ही नावं डकवली. मी शेजारीच उभी होते. चहा पीत होते मेली! केतकी शिरते डाव्या खिडकीतून. तिला काही दिसलंच नाही. आणि वर मनोऱ्यात बसून फेऱ्या लिहिणारे लोक बघतात ते उजवं दार.

पोर दुसरी आली. आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. कागदावर मात्र तिच्या निम्म्या फेऱ्या कुणी लिहिल्याच नव्हत्या. हा आकडा कुठला, हेच वर कळेना. आम्ही भांडलो, टिपणिसांनी तर त्या लोकांचे पाय धरायचे बाकी ठेवले. नियम तो नियम. टीमचा माणूस दुसऱ्याच मुलाशी हात मिळवून निघून गेला.

केतकी घरी आली, खोलीत गेली, दार लावलं. दोन दिवस झाले तरी तेच. तिसऱ्या दिवशी मात्र माझा संयम सुटला आणि मी तरातरा टिपणिसांकडे गेले. आज यांना सोडायचं नाही, असं ठरवूनच गेले.

ते स्वयंपाकघरात बसले होते. दाढी वाढलेली. "केतकी काय म्हणते?"

"काय म्हणणार? खोलीतून बाहेर येत नाही. तिचं वर्ष घालवलंत तुम्ही. तीन नावांपायी!"

त्यांनी मान हलवली. मग फडताळाकडे बोट दाखवलं. आत स्टीलचे सात डबे, घासून लख्ख.

"सुनंदा आजारी होती त्या हिवाळ्यात लोक दारात डबे ठेवून जायचे. बेल वाजवायचे नाहीत, तिची झोप मोडेल म्हणून. मी हॉस्पिटलातून यायचो आणि बर्फातून डबा उचलायचो. ती गेल्यावर ज्यांचे ओळखू आले, त्यांचे घरोघर परत करत फिरलो. हे सात राहिले. कुणाचे, कळलंच नाही. आठ वर्षं झाली, वहिनी. त्यांना मी साधं थँक यूसुद्धा म्हटलेलं नाही."

डावीकडून तिसरा माझा होता. झाकणाला पोचा आहे. दुःखाच्या घरून डबा परत कसा मागायचा, म्हणून मी तो सोडून दिला होता.

मी हात लांब करून तो खाली काढला.

"हा माझा," मी म्हटलं.

टिपणीस उठले. त्यांनी हात जोडले, तोंड उघडलं, आणि शब्दच फुटेना. तसेच उभे राहिले, हात जोडून, डोळ्यांतून पाणी गळत.

मी डबा घेऊन घरी आले. केतकीच्या खोलीचं दार अजून बंदच होतं.